आडवे पट्टे

डोंगर आवाज करतात हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी दहा वर्षं मी दगडांवरच पोट भरत होते, पण माझे डोंगर गप्प होते. मुलुंडच्या आमच्या खिडकीतून दिसतो तो डोंगर, बोरिवलीकडून दिसणारी त्याच जंगलाची दुसरी बाजू, आरेतून बस जाते तेव्हा रस्त्याकडेला कापलेला काळा दगड. यातला कुणी कधी हूं का चूं करत नाही. हिमाचलात, खिंडीच्या पलीकडे, पहिल्याच सकाळी मी दात घासत अंगणात उभी होते आणि समोरच्या डोंगराच्या उभ्या भिंतीवरून दगड पडायला लागले. फार मोठे नव्हते. मुठीएवढे, एकामागून एक, मग जरा थांबून एकदम ओंजळभर. मी ब्रश तोंडात तसाच धरून आत पळाले. जिच्या घरी मी उतरले होते ती बाई पीठ मळत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "धूप आई है, दीदी. रोज़ गिरते हैं."

भिंतीला ऊन लागलं की भेगांमध्ये गोठलेलं पाणी सुटतं, आणि त्या बर्फाने धरून ठेवलेले दगड निसटतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. तरी पळाले ते पळालेच.

माझं ऑफिस अंधेरीला, मरोळच्या बाजूला. पूल, बोगदा, काहीही बांधायच्या आधी जमिनीला खोल भोक पाडून खाली काय आहे ते बघायचं, हा आमचा धंदा. मशीनच्या नळीतून दगडाच्या लांब गोल कांड्या वर येतात. त्यांना कोअर म्हणतात. त्या लाकडी पेट्यांत ओळीने मांडायच्या, ओल्या फडक्याने पुसायच्या, भिंगातून बघायच्या आणि कितव्या मीटरला काय लागलं ते लिहायचं. लिहिणारी मी. मुंबईत हे काम डोळे मिटून करता येतं. घाटकोपरला भोक पाडा नाहीतर पवईला, वर भराव, मग पिवळट मुरूम, मग काळा दगड. मधे तांबड्या मातीचा एखादा पट्टा आला तर आला. पण काळा दगड लागला की पाया मिळाला, मशीन उचला.

आमच्या घरात तर हे माझ्या जन्माआधीपासून ठरलेलं आहे. बाबा मालवणाकडचे. तरुणपणी गावात विहिरी खणायचे, मग मुंबईत गिरणीत लागले, गिरणी गेली तेव्हा वीस वर्षं एका सोसायटीच्या गेटवर बसले. आता घरी असतात. कुठल्याही गोष्टीचा शेवट लागला की ते म्हणतात, "कातळ लागलो." माझं लग्न मोडलं आणि कोर्टाचा कागद हातात आला त्या दिवशीही ते एवढंच म्हणाले होते. मी भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा शेजारच्यांनी विचारलं, ही शिकते तरी काय? बाबांनी सांगितलं, "माजा चेडू कातळ शोधता." माझ्या पदवीचं याहून नेमकं वर्णन मला आजवर कुणी केलेलं नाही.

तर त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी मला पहिल्यांदा बर्फाच्या डोंगरात पाठवलं. एरवी तिकडे आमचे सर स्वतः जातात, ते तेव्हा आजारी होते. काम लहान होतं. नदीच्या एका काठावर पंधरावीस घरांचं गाव, दुसऱ्या काठावर सरकारी शाळा आणि मोटाररस्ता. मधे लोखंडी तारेवरून ओढायचा एक पाळणा, तिथे त्याला झूला म्हणतात. हिवाळ्यात तारेवर बर्फ धरलं की झूला हलत नाही, आणि गाव चार-पाच महिने अलीकडे अडकून पडतं. म्हणून पूल. आणि पुलाच्या पायाखाली दगड आहे का, हे बघायला मी.

त्या खोऱ्यात आठ दिवस मी शांत अशी बसलेच नाही. उंचीमुळे डोकं ठणकत होतं हे खरं, पण तेवढंच नव्हतं. तिथे काही बसलेलंच नव्हतं. आपला सह्याद्री म्हणजे घावण्यांची चळत. लाव्हा आला, पसरला, थंड झाला, त्याच्यावर पुढचा आला. थर आडवे, कड्यांवरच्या रेघा आडव्या, डोंगराचे माथेही सपाट. लहानपणापासून माझा डोळा त्याच रेघांवर फिरलेला. तिकडे थर उभे होते. कपाटात फायली लावाव्यात तसे, खालपासून वरपर्यंत, आणि वरच्या टोकांना बर्फ. तो दगड मुळात समुद्राच्या तळाचा गाळ. खारदांड्याला ओहोटीच्या वेळी पाय रुततो तसलाच काहीसा चिखल कधीकाळी तिथे साचला, मग दोन बाजूंनी जमिनी एकमेकींवर आल्या आणि त्या चिखलाला चेपून, भाजून, उचलून ढगांच्या वर नेऊन उभं केलं. हातात घेतला तर चकचकीत, पाटीसारखे पापुद्रे निघणारा. आणि ते चेपणं अजून चालूच आहे. एका बाजूने डोंगर वर चढतो, दुसऱ्या बाजूने बर्फ, ऊन आणि नदी त्याला खाली ओढतात. वरच्या अंगाला हिमनदी आहे, ती दगड दळते, म्हणून नदीचं पाणी पिठाच्या पाण्यासारखं करडं. उतारावर सगळीकडे घसरून आलेल्या खड्यांचे ढीग, त्यांच्यावर पाय ठेवला की सगळा ढीग आपल्याबरोबर चालायला लागतो. झाड म्हणून नाही. कुठे नजर टेकवावी कळेना. सुंदर होतं का? होतं. पण मला ते सुंदर वाटायला वेळ मिळाला नाही, मी सारखी वर बघत होते.

मी जिच्याकडे राहिले ती बाई त्या पलीकडच्या शाळेत शिक्षिका. माझ्याच वयाची. नवरा खाली रस्त्याच्या कामावर, घरात ती आणि तिची सासू. आम्ही दोघी एकमेकींना दीदी म्हणायचो. रोज सकाळी ती आणि सहा मुलं झूल्यात दोन फेऱ्यांत पलीकडे जायची. तारेच्या कप्पीत तिच्या डाव्या हाताची करंगळी एकदा सापडली होती, ती तशीच वाकडी राहिली होती. संध्याकाळी आम्ही लोखंडी शेगडीभोवती बसायचो. तिची सासू भिंतीला टेकून लोकर कातत असायची. म्हातारीला हिंदी थोडंच यायचं, पण मी तिला बोलतं करायची. भाकरीत कसलं पीठ आहे, कानातलं कुठून आणलं, याकचं दूध कसं लागतं. चहात मीठ का घालतात यावर तर मी तिला अर्धा तास छळलं असेन. ती हसायची आणि सून तिचं बोलणं मला हिंदीत सांगायची.

सहाव्या दिवशी पलीकडच्या काठावरच्या भोकात दगड लागला. त्याआधी वाळू, गोटे, परत वाळू असं चाललं होतं आणि मशीनवाल्यांचा फोरमन कंटाळला होता. मग मशीनचा आवाज बदलला, सगळ्यांनाच कळलं. कांड्या यायला लागल्या, लांब, अखंड, करड्या. मी पेटीपाशी उकिडवी बसले. फडक्याने पुसलं आणि आत चमकदार पट्टे दिसले, एकाखाली एक, सरळ आडवे. सहा दिवसांत पहिल्यांदा मला घरच्यासारखं वाटलं. आता हसू येतं, पण तेव्हा खरंच जिवात जीव आला. पाच मीटर अखंड दगड मिळाला की थांबायचं, असा कामाचा साधारण रिवाज आहे. मशीन चालताना भोकात सोडलेलं पाणी परत वर येत राहतं, ते शेवटच्या हातभर अंतरात एकदम यायचं बंद झालं. फोरमनने सांगितलं, मी वहीत लिहिलं, भेग. त्याने विचारलं, "मॅडम, पाँच मीटर हो गया, बंद करें?" मी म्हटलं, करा.

मी पुस्तकं वाचून शिकलेली, पण त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते शब्दशः बाबांचं होतं. कातळ लागलो.

त्या संध्याकाळी मी जरा जास्तच खुशीत होते. शिक्षिकेने विचारलं, मिळाला का दगड? म्हटलं, मिळाला. मग तिने मला एक कागद दाखवला. तिची बदली खालच्या गावातल्या शाळेत मंजूर झाली होती. तिथे नदी ओलांडायची भानगड नाही. पण ती गेली की इथली शाळा बंद, कारण शाळेच्या काठावर राहायला घर नव्हतं आणि गावात राहून रोज झूल्यातून जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. महिनाअखेर उत्तर कळवायचं होतं. तिने मला सरळ विचारलं, "पुल बनेगा ना, दीदी? पक्का?"

"पक्का," मी म्हटलं.

आपण मुंबईत हा शब्द दिवसातून वीस वेळा वापरतो. येतेस ना? पक्का. उद्या देतोस? पक्का. त्याला कुणी धरून बसत नाही, येणारा येतो, न येणारा फोन करतो. तिने दुसऱ्या दिवशी झूल्यातून पलीकडे जाऊन बदली नको म्हणून कागद पाठवून दिला. मला परत आल्यावर सांगितलं, अगदी सहज. मी तिच्या पाठीवर थाप मारली.

मुंबईला येऊन दहा-बारा दिवस झाले असतील. रिपोर्ट जवळजवळ तयार होता. दगडाचे काही तुकडे दाबून बघायला पवईजवळच्या एका लॅबमध्ये पाठवले होते, तिथल्या माणसाचा दुपारी फोन आला. मी डब्यातली भेंडी खात होते.

"मॅडम, फॉर्ममध्ये पट्ट्यांचा कोन रिकामा सोडलाय तुम्ही. आडवे लिहू ना?"

"आडवे लिहा. सरळ आडवेच आहेत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पुढचा घास तोंडाशी नेला आणि थांबले. डोंगर उभा होता. भिंतीचे सगळे थर उभे होते, मीच वहीत तसं लिहिलं होतं. फोनमध्ये माझा एक सेल्फी होता, भोकाच्या जागेपासून पन्नास पावलांवर, कानटोपी घालून दात काढून हसणारी मी आणि मागे पुस्तकांसारखे उभे पट्टे. मग त्याच दगडाचे पट्टे खाली जमिनीत आडवे कसे? दगड तोच. म्हणजे भिंतीतून निघालेला एक प्रचंड तुकडा खाली येऊन आडवा पडला असेल, त्याच्यावर नदीने वाळू आणली असेल, आणि मी त्या पडलेल्या तुकड्याला डोंगर समजून त्याच्यावर पूल उभा करायला निघाले होते. सह्याद्रीत आडवी रेघ म्हणजे दगड आपल्या जागेवर आहे. तिकडे आडवी रेघ म्हणजे दगड आडवा झाला आहे. आणि ते पाणी. ते नुसतं भेगेत मुरलं नव्हतं. खाली पोकळ, सैल काहीतरी होतं, तिथे गेलं होतं. हे मला बघताक्षणी कळायला हवं होतं. मला उलट बरं वाटलं होतं.

लगेच उठून सरांच्या केबिनमध्ये गेले असते तर ही आठवण लिहायची वेळ आली नसती. गेले नाही. कारण दुसरी एक शक्यता होती. त्या डोंगरांत थरांना घड्या पडतात, कापडाला पडतात तशा, आणि घडीच्या वळणापाशी उभे थर थोडं अंतर आडवे जातात. तसं असेल तर दगड जागेवरच होता आणि मी उगीच बोंब मारणार होते. मशीन उतरवायला सुरुवात झाली होती. रस्ता आणि भोकाची जागा यांमधे त्याचे सुटे भाग माणसं आणि खेचरं पाठीवर वाहून नेतात. ऑक्टोबरात खिंड कधीही बंद होते. परत भोक पाडायचं तर आत्ता, नाहीतर थेट पुढच्या उन्हाळ्यात. आणि परत पाडून खाली वाळू निघाली तर पुलाचा सगळा आराखडा बदलणार, म्हणजे या वर्षी काम सुरू होणारच नाही. शिक्षिकेने बदली नाकारली होती ती माझ्या एका शब्दावर. तो शब्द मागे घ्यायचा म्हणजे काय ते मला कळत होतं, म्हणून मी घडीला धरून बसले. घडीच असेल. असूच शकते.

ते चार दिवस मी वेड्यासारखी फिरले. ऑफिसात खुर्चीवर बूड टेकेना. बसले की उठायचे, पाणी प्यायचे, कोअरचे फोटो उघडायचे, बंद करायचे. एका संध्याकाळी आरेतून येणाऱ्या बसमधून मधेच उतरले आणि रस्त्याकडेच्या कापलेल्या दगडासमोर जाऊन उभी राहिले, जणू तो मला काही सांगणार होता. तबेल्याकडून दुधाचे कॅन घेऊन येणाऱ्या माणसाने विचारलं, ताई, काही हरवलंय का? नाही म्हटलं आणि चालत सुटले. पवईच्या तलावाच्या कडेने चालले, पाय दुखेपर्यंत. चालताना बरं वाटायचं. थांबलं की लगेच तो पाळणा दिसायचा, मग पूल दिसायचा, मग पुलावरची सहा मुलं.

शुक्रवारी दुपारी रिपोर्ट गेला. माझ्या सहीने. सरांनी विचारलं, "सगळं बघितलंयस ना?" मी हो म्हटलं. हे वाक्य मी या लिखाणातून दोनदा काढलं आणि दोनदा परत घातलं. मी हो म्हटलं.

रविवारी बाबा बांगडे साफ करत बसले होते. हे काम ते आईलाही करू देत नसत, ती होती तेव्हाही. मी स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मारत होते.

"काय गो, खय चललंस?" बाबा म्हणाले. "बस मगे जरा गप."

मी ओट्याला टेकून सगळं सांगितलं. उभे थर, आडवे पट्टे, पाणी. बाबांच्या हातातली सुरी थांबली. त्यांना त्यातलं एकच खटकलं.

"कातळ पडता?"

"तिकडे पडतो."

"कातळ कसो पडात?" ते जवळजवळ रागावलेच. आयुष्यभर ज्या गोष्टीला शेवट म्हटलं तिच्याखाली आणखी काही असू शकतं, हे त्यांना पटेना. मग म्हणाले, "आणि त्या पुलावरसून जातला कोण?"

"एक बाई. आणि सहा पोरं."

बाबांनी पुढचा बांगडा घेतला. मी परत गॅलरीत जायला निघाले तर मागून म्हणाले, "साहेबाक फोन कर. जेवचा मगे."

मी जेवायच्या आधीच फोन केला. सर म्हणाले उद्या ऑफिसात बोलू. सोमवारी मी दोन्ही फोटो त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, सेल्फी आणि पेटी. ते चष्मा वर करून बघत राहिले.

"घडी असू शकते," ते म्हणाले.

"हो सर."

"खात्री आहे तुझी, की पडलेलाच आहे?"

"नाही."

"मग?"

"जागेवर आहे याची पण नाही. आणि रिपोर्टमध्ये मी तसं लिहिलंय."

"वाट लावलीस गं," ते म्हणाले. "शुक्रवारी माहीत होतं तुला?" मी होकाराची मान हलवली. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त फोन उचलला आणि मला बाहेर जायला सांगितलं. काचेतून दिसत होतं, ते उभ्यानेच बोलत होते, एका हाताने कपाळ चोळत. अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणाले, मशीन रस्त्यापर्यंत आलं होतं, ते परत चढवतायत. तू आता काही दिवस माझ्यासमोर येऊ नकोस.

पुढचे दोन आठवडे कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. एका सकाळी फोरमनने नव्या भोकाचा फोटो पाठवला. पेटीत वरच्या ओळींत तोच दगड, तेच आडवे पट्टे. आम्ही थांबलो होतो त्याच्या खाली आणखी हातभर तसंच. मग रिकामी फळी, म्हणजे तिथे पोकळी. आणि मग मूठभर करडी वाळू आणि तीन गोल, गुळगुळीत गोटे. पाण्याने घासलेले. नदी कधीकाळी त्या दगडाच्या खालून वाहिली होती. मला आधी आनंद झाला, हे कबूल करते. माझं बरोबर निघालं असं वाटलं. ऑफिसातली एक मैत्रीण येऊन म्हणाली, "काय झकास पकडलंस यार." दुसऱ्या कुणी पाठ थोपटली. मी वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. पकडलं कसलं. मी ते केलं होतं, आणि चार दिवस लपवलं होतं.

पुलाचं काम पुढच्या हंगामावर गेलं. शिक्षिकेला हे कुणी तरी सांगायला हवं होतं. सरकारी पत्र तिच्यापर्यंत कधी पोचलं असतं कोण जाणे. मी तीन दिवस टाळलं, चौथ्या दिवशी शनिवारी दुपारी फोन केला. तिथे रेंज घराच्या एका कोपऱ्यातच मिळते, शेगडीच्या बाजूला. मागे म्हातारीच्या खोकण्याचा आवाज येत होता.

मी सांगितलं की पूल या वर्षी सुरू होणार नाही. खाली डोंगर नाही, वरून पडलेला दगड आहे, आणि चूक माझी आहे. मग तिने विचारलं, पुढच्या वर्षी? मी म्हटलं, सांगता येत नाही. या वेळी मी तेवढंच म्हटलं. बदलीचं विचारलं तर म्हणाली, त्या जागेवर दुसरी बाई रुजू झाली. आवाजात राग नव्हता, किंवा मला ऐकू आला नाही.

मागून म्हातारीने काही विचारलं. सुनेने तिला त्यांच्या बोलीत सगळं सांगितलं असावं, कारण मग म्हातारी बरंच बोलली, थांबत थांबत.

"अम्मा बोल रही है," शिक्षिका म्हणाली, "वो तो गिरा हुआ ही है."

"क्या?"

"उधर ऊपर से आधा पहाड़ आया था. बहुत पहले, इनकी दादी की दादी से भी पहले. नदी रुक गई थी. उस तरफ़ के खेतों का नाम ही हमारी बोली में वही है, गिरा हुआ पहाड़. सबको मालूम है."

माझा पाराच चढला. आठ दिवस मी त्या घरात राहिले, रोज मशीन धडधडत होतं, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. "तो मुझे बताया क्यों नहीं?" मी जवळजवळ ओरडलेच.

तिने ते म्हातारीला विचारलं. उत्तर लहान होतं.

"बोल रही है, आपने चाय का पूछा, रोटी का पूछा, कान की बाली का पूछा. पहाड़ का नहीं पूछा."

मी खुर्चीत बसले. कितीतरी दिवसांनी नीट बसले. त्या म्हातारीला मी म्हातारी समजत होते आणि डोंगर माझा विषय समजत होते. लाज वाटली, अशी की फोन धरलेला हात गरम झाला. पलीकडे लाकूड तडतडल्याचा आवाज आला, मग शिक्षिकेचा.

"अम्मा यहीं बैठी है, दीदी. पूछना है तो अब पूछ लो."

मला रडू फुटलं. डाव्या हाताने नाक पुसत मी वही ओढली आणि विचारलं, नदी किती दिवस अडली होती?